अभ्यासाची वेळ

बाहेरून शिकणाऱ्यांच्या प्रवेशअर्जात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. पुरुष तिथे झटकन लिहितात: पोलीस शिपाई, कंपनीत ऑपरेटर, वनरक्षक, एसटीत वाहक, शेती. बायकांपैकी अंगणवाडी मदतनीस असेल, आशाताई असेल, तर ती तसं लिहिते. बाकीच्या बहुतेक जणी तो रकाना मोकळा सोडतात, नाहीतर एक आडवी रेघ मारतात. अर्ज तपासताना मी विचारते, “इथे काय लिहू?” तर उत्तर येतं, “काही नाही मॅडम, घरीच असते.”

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवते. आठवडाभर नियमित विद्यार्थ्यांचे तास असतात आणि रविवारी त्याच इमारतीत बाहेरून शिकणाऱ्यांच्या अभ्यासकेंद्राचे. त्यामुळे शिकणाऱ्या माणसांचे दोन्ही प्रवाह माझ्या डोळ्यांसमोरून जातात. सोमवार ते शनिवार पाठीवर सॅक अडकवून येणाऱ्या मुली-मुलांचा एक, आणि रविवारी पिशवीत पुस्तक, डबा, कधी कडेवर लेकरू घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसांचा दुसरा. या दोन प्रवाहांमध्ये बाया किती, पुरुष किती, आणि ते तसे का, हा प्रश्न मला गेली बरीच वर्षं सोडत नाही.

आधी आनंदाची गोष्ट सांगते, कारण ती खरोखरच मोठी आहे. १९५१च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमागे नऊ जणीदेखील साक्षर नव्हत्या. माझी आजी त्या उरलेल्या एक्क्याण्णवांमधली. आणि उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीचा २०२१-२२चा अहवाल सांगतो की देशातल्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांमध्ये २ कोटी ७ लाख मुली आहेत. अठरा ते तेवीस या वयातल्या किती टक्के मुली कॉलेजात पोचतात आणि किती टक्के मुलं, हे पाहिलं तर मुलींचा आकडा २८.५ आहे आणि मुलांचा २८.३. मुली पुढे गेल्या आहेत. अगदी केसभर, पण पुढे. एका आयुष्याच्या अवधीत हे घडलं. माझ्या वर्गात पुढच्या बाकांवर बसलेल्या, डोंगरातल्या वाड्यांवरून एसटीनं येणाऱ्या मुली पाहिल्या की मला आजीच्या अंगठ्याचा ठसा आठवतो आणि भरून येतं.

महाराष्ट्राचं चित्र याहून थोडं वेगळं आहे. आपल्याकडे कॉलेजात जाणाऱ्यांचं एकूण प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच वर आहे, पण त्यात मुली मुलांच्या मागे राहिल्या आहेत. सावित्रीबाईंच्या राज्यात हे असावं याचं मला वाईट वाटतं. दहावी-बारावीच्या निकालात तर दरवर्षी मुलीच वरचढ असतात. २०२५च्या बारावीच्या परीक्षेत ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ८९.५१ टक्के मुलं. मग पास झालेल्या या मुली जून ते ऑगस्टच्या दरम्यान कुठे जातात? काही पुण्याला, मुंबईला. काही नर्सिंगला. काहींचं लग्न ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. त्यातली एखादी सात-आठ वर्षांनी माझ्या रविवारच्या वर्गात येते.

येते, पण किती जणी येतात? कुणालाही वाटेल की घरात अडकलेल्या बायकांसाठीच तर बाहेरून शिकण्याची सोय आहे, तेव्हा तिथे बायकाच जास्त असणार. आकडे तसं म्हणत नाहीत. उच्च शिक्षणाच्या त्याच पाहणीच्या २०२०-२१च्या अहवालात दूरशिक्षण घेणारे ४५ लाख ७१ हजार विद्यार्थी आहेत आणि त्यात स्त्रिया २० लाख ९० हजार, म्हणजे शंभरात सेहेचाळीसच्या आसपास. त्याच वर्षी एकूण उच्च शिक्षणात त्या शंभरात एकोणपन्नास होत्या. घराबाहेर पडून रोज कॉलेजला जायचं त्यात मुली निम्म्या, आणि घरी राहून सवडीनं शिकायचं त्यात मात्र निम्म्याहून कमी. मी या तीन टक्क्यांपाशी नेहमी थांबते. फरक दिसायला लहान आहे, पण उलट्या दिशेला आहे.

माझ्यापुरतं याचं उत्तर मला माझ्याच घरात मिळालं.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्ही भावंडं शाळेत असताना त्यांनी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बी.ए. केलं. त्या काळात आमच्या दोन खोल्यांच्या घराचा सगळा दिनक्रम त्यांच्या अभ्यासाभोवती बांधलेला होता. जेवणं लवकर उरकायची. रेडिओ बंद. आम्ही भांडलो की आई डोळे वटारायची, “दादा अभ्यासाला बसलेत.” परीक्षेच्या आदल्या महिन्यात पाहुण्यांना निरोप गेले की सध्या येऊ नका. आजी देवापुढे एक जास्तीची वात लावायची. दादा पास झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले, पुढे हायस्कूलची नेमणूक मिळाली, पगार वाढला, घराला तिसरी खोली झाली.

आईची शाळा आठवीत सुटली होती. मी कॉलेजात गेले त्या वर्षी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरवलं. दादांनी फॉर्म आणून दिला, फी भरली, गणितं समजावली. ते मनानं फार मोकळे होते, हे मला इथे आवर्जून लिहायचंय. पण रेडिओ काही बंद झाला नाही. पाहुणे येत राहिले. आई कुकर लावून पाटावर बसायची आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत इतिहास वाचायची. भूमितीची प्रमेयं तिनं ओट्याच्या वरच्या फरशीवर खडूनं लिहून ठेवली होती. फोडणीच्या वाफेनं ती पुसली जायची. गणित राहिलं, ते ऑक्टोबरच्या परीक्षेत निघालं. सगळे कौतुकानं म्हणाले, “वहिनींना हौस भारी!” पेढे तेव्हाही वाटले. आईनंच जाऊन आणले होते.

दोघंही अर्धवेळ शिकली. पण दादांच्या अर्धवेळ शिक्षणामागे एक पूर्णवेळ बाई उभी होती. आईच्या मागे कुणी नव्हतं. त्याला कुणाची वाईट वृत्ती कारणीभूत नव्हती, आणि म्हणूनच ते अजून जसंच्या तसं चालू आहे. दादांच्या अभ्यासातून पगार येणार होता, तेव्हा त्यांची वेळ ही घराची गुंतवणूक होती. आईच्या अभ्यासातून तिला फक्त दहावी पास व्हायचं होतं.

माझ्या वर्गातले पोलीस शिपाई मला दादांची आठवण करून देतात. पदवी हातात आली की फौजदाराच्या परीक्षेला बसता येईल, हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना स्वच्छ माहीत असतं. त्यांच्या गृहपाठाच्या वह्या पाहिल्या की पुष्कळदा अक्षर बायकोचं असतं. मी काही बोलत नाही, पण त्या अक्षराकडे जरा जास्त वेळ पाहते. तशीच एखादी अंगणवाडीतली मदतनीस बाई असते. सेविका व्हायचं तर आता बारावी लागते, म्हणून ती नेटानं येते, आणि तिच्या घरचे तिला येऊ देतात. म्हणजे बाईच्या शिक्षणालाही नोकरीचा आधार मिळाला की दार उघडतं. पण असा आधार मिळण्याजोग्या नोकऱ्या आमच्या तालुक्यात पुरुषांसाठी कितीतरी आहेत, बायकांसाठी बोटांवर मोजण्याइतक्या.

अर्धवेळ शिक्षणाची आपल्याकडची सोय मुळातच कमावत्या माणसाला समोर ठेवून वाढत गेली, आणि तिनं फार मोठं काम केलं, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी. मुंबईत गिरण्यांच्या काळात रात्रशाळा भरभरून चालल्या. दिवसपाळी करून आलेला, खानावळीत जेवून खोलीत आळीपाळीनं झोपणारा कोकणातला, घाटावरचा तरुण तिथे मॅट्रिक झाला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि त्याचे वर्ग सकाळी भरवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला तास आटोपून कचेरी गाठता यावी. आमच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. अर्धा दिवस कुदळ, अर्धा दिवस पुस्तक. ती मुलं ज्या वसतिगृहात राहिली ते चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांनी नुसतं बोधचिन्हावर लिहिलं नाही, बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून पदवीच्या वाटेला लागण्याची संधी दिली. हे सगळं उभं करणाऱ्यांच्या मनात एक माणूस होता: ज्याचा दिवस मालकाचा आहे, पण सकाळ, नाहीतर रात्र, नाहीतर निदान रविवार त्याचा स्वतःचा आहे.

बाईच्या दिवसाची वाटणी अशी होत नाही. तिची सकाळ डब्यांची असते, संध्याकाळ स्वयंपाकाची, आणि रविवार तर सगळ्यांत वाईट. रविवारी मुलं घरी, नवरा घरी, सासरे घरी. रविवारी मटण. रविवारी चादरी-अभ्रे धुवायचे, केस धुवायचे मुलीचे, आठवड्याचं दळण, नणंद-नंदावा येणार. आणि आम्ही आमचे तास ठेवतो रविवारी! रविवार सगळ्यांना मोकळा असतो असं धरून आम्ही वर्षानुवर्षं वेळापत्रक लावत आलो. दहाच्या तासाला पुरुष वेळेवर हजर. बायका अकराला, साडेअकराला घामाघूम होऊन येतात, दाराशी उभ्या राहतात, “येऊ का मॅडम?” आणि दीडला परत पळायचं असतं.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत हेच आकड्यांत उतरलंय. घरच्या माणसांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्यांमध्ये बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं आहे आणि पुरुषाची ८८. लेकरांचं, आजाऱ्याचं, म्हाताऱ्यांचं बघणं त्यात नाही, ते आणखी वेगळं. जवळजवळ पाच तास. कुणी पाच तासांची नोकरी करत शिकत असेल तर आपण त्याला नोकरी सांभाळून शिकणारा म्हणतो. हिला म्हणतो घरी असते.

परीक्षेचंही तसंच. बाहेरून शिकणाऱ्यांच्या परीक्षा पुष्कळदा येतात मे-जूनमध्ये. मे म्हणजे लग्नसराई, यात्रा, मुलांच्या सुट्ट्या, माहेरपणाला आलेल्या नणंदा, लोणची-पापड-कुरडया. जून म्हणजे पेरणी. माझी एक विद्यार्थिनी वर्षभर अतिशय छान लिहायची, निबंधात शब्द असे नेमके टाकायची की मी वर्गात वाचून दाखवायचे. तिच्या धाकट्या दिराचं लग्न नेमकं पेपरच्या आठवड्यात आलं. तिनं घरात तारीख बदलायचं सुचवलंसुद्धा नाही. मी विचारलं तेव्हा तिला माझा प्रश्नच कळला नाही. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा नाव घातलं नाही.

बाईची दुपार. तिच्या हातात जर काही उरत असेल तर ती दुपार, साधारण दोन ते चार. भांडी झालेली असतात, चहाला अवकाश असतो, शाळा सुटलेली नसते. शेतावर जाणारीचं तेही नसतं, हे खरं. पण गावात राहणाऱ्या पुष्कळ जणींचं असतं. आणि हे कळलेली माणसं आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. रमाबाई रानडे स्वतः रात्री, घरातल्या बायकांचे टोमणे सोसत शिकल्या. त्यामुळे बाईला वेळ कसा चोरावा लागतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तेव्हा तिथे प्रौढ, संसारी बायकांसाठी वर्ग भरू लागले ते दुपारी. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि मातृभाषेतून पदवीपर्यंत शिकवायचं ठरवलं, त्यामागेही बाईच्या जगण्याचा असाच विचार होता. आणि अगदी अलीकडे, ८ मार्च २०१६ ला, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून साठी-सत्तरीच्या आज्या तिथे पाटीवर अक्षर गिरवू लागल्या. त्या शाळेची वेळही दुपारचीच. साध्या गावातल्या साध्या मास्तरांना जे सुचलं ते आमच्यासारख्या पदव्या मिरवणाऱ्यांना वेळापत्रक लावताना सुचायला इतका उशीर का लागावा?

आता मुलांविषयी. त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अपुरा राहील, आणि मला त्यांची काळजी वाटते.

माझ्या नियमित वर्गात पटावर मुलं आहेत, बाकावर नाहीत. बारावीनंतर शिरवळच्या, नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत दहा-बारा हजारांवर कंत्राटी काम मिळतं, पुण्यात गेलं तर गाडीवरून पार्सल पोचवायचं काम मिळतं. घरी कर्ज असतं, बहिणीचं लग्न काढायचं असतं, वडिलांचा पाय मोडलेला असतो. मुलगा कॉलेजात नाव घालतो आणि कामावर जातो. परीक्षेला तेवढा उगवतो. कागदावर तो पूर्णवेळ विद्यार्थी असतो. काही मुलं धीर करून नियमितचं नाव काढून बाहेरून शिकू लागतात आणि मला ती जास्त प्रामाणिक वाटतात. स्टाफरूममध्ये यांच्याबद्दल “पोरं वाया गेली” असं बोललं जातं, ते मला पटत नाही. एकोणिसाव्या वर्षी घर खांद्यावर घेणारा मुलगा वाया गेलेला नसतो. मुलींना घरकाम अडवतं, मुलांना घरखर्च. मुलीला शिकू देताना बाप विचारतो, “लग्नाचं काय?” आणि मुलाला विचारतो, “कमावणार कधी?”

दुसरा गट भरतीवाल्यांचा. पहाटे चारला मैदानावर धावणारी, गोळाफेक करणारी, दिवसा अकॅडमीत गणित-बुद्धिमत्तेचे पेपर सोडवणारी मुलं. आणि त्यांच्याही पुढचा गट पुण्यात, सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करणारा. अभ्यास म्हणावा तर दिवसाचे बारा-बारा तास. कॉलेजात नाहीत, कुठल्या पटावर नाहीत, त्यामुळे शिक्षणाच्या कुठल्याही पाहणीत ती दिसत नाहीत. पण त्यांच्याइतकं पूर्णवेळ शिकणारं महाराष्ट्रात दुसरं कुणी नसेल. एका खुर्चीचं महिन्याचं भाडं, मेसचा डबा, कॉट बेसिसवरची जागा. गावाकडे बाप एकेक गुंठा करत जमीन विकतो, निदान म्हैस तरी विकतो, आणि पाच-पाच, सहा-सहा वर्षं पैसे पाठवतो. या अभ्यासिकांमध्ये मुलीही भरपूर आहेत, आणि हे चित्र माझ्या विद्यार्थिदशेत नव्हतं. पण त्यांना मिळालेली वेळ वेगळ्या मापानं मोजलेली असते. “दोन वर्षं देतो. झालं तर झालं, नाहीतर स्थळं बघायची.” माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलंय. भाऊ तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत राहतो तेव्हा घर म्हणतं, पुढच्या वेळी निघेल. बहीण पहिल्यांदा मुख्य परीक्षेत थोडक्यात राहते आणि तिचा बायोडाटा मामाच्या मोबाइलवरून फिरू लागतो.

मुलीला कमी वेळ देतात म्हणून ती कमी पडते, आणि कमी पडली म्हणून तिला पुढे वेळ देत नाहीत. यातून सुटून एखादी फौजदार होते, नायब तहसीलदार होते, तिचा गावात सत्कार होतो, बॅनर लागतात. तो सत्कार मला हवाच आहे. पण बॅनरखाली उभ्या असलेल्या बाकीच्या मुलींना आणखी एक वर्ष मिळालं असतं तर, हा विचार मला अशा सभांमध्ये गप्प बसू देत नाही. मी भाषणात तो बोलून दाखवते आणि मग आयोजक पुढच्या वेळी बोलवत नाहीत. चालेल.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. इंजिनिअरिंगला जायचं नाव काढलं की गप्प होणारी घरं त्यामुळे बोलू लागली आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. माझ्या रविवारच्या वर्गात याचा फरक पहिल्याच महिन्यात दिसला. लांबच्या गावांतल्या, आधी “गाडीभाड्याला पैसे मागावे लागतात” म्हणून न येणाऱ्या बायका येऊ लागल्या. नवऱ्याकडे हात न पसरता अभ्यासाला जाता येणं ही लहान गोष्ट नाही. एसटीचं मोल आम्हाला तसंही आधीच कळलं होतं. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास संप सुरू झाला, पुढे कित्येक महिने गाड्या बंद होत्या, आणि आमच्या कॉलेजातल्या डोंगराकडच्या मुली आधी यायच्या बंद झाल्या. मुलं मागे-पुढे बसून मोटारसायकलवर आली. मुलींना कोण सोडणार?

बाहेरून घेतलेल्या पदवीला नाक मुरडणं हीही एक जुनी खोड. “रेग्युलर आहे की बाहेरून?” हा प्रश्न मुलाखतीत येतो, लग्नाच्या बैठकीत येतो. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीचीच धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट करून टाकलं. त्याच वर्षी पीएच.डी.चे नवे नियम आले. त्यात अर्धवेळ संशोधन करायची मुभा आहे, बायकांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे, बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे. मला या नियमात आशा दिसते. पीएच.डी. करणाऱ्या बाईला मूल होतं हे ज्या कागदानं मान्य केलं, त्याच कागदावर बी.ए. करणाऱ्या बाईलाही मूल होतं, सासू आजारी पडते, दिराचं लग्न निघतं, हेही कधीतरी लिहिता येईल. एक पेपर राहिला तर तेवढाच पुढच्या महिन्यात देता यावा. परीक्षेचं केंद्र पंधरा-वीस किलोमीटरच्या आत असावं. केंद्रावर एक खोली असावी, तिथे दोन पाळणे आणि एक मावशी. माझ्या मागण्या एवढ्याच आहेत, आणि त्या मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते.

मागच्या वर्षी आम्ही आमच्या केंद्रावर एक बदल करून पाहिला. मराठीचा रविवारचा तास तसाच ठेवून, तोच धडा बुधवारी दुपारी दोन ते चार पुन्हा घ्यायचा. प्राचार्यांनी विचारलं, जादा मानधन कुठून आणणार? मी म्हटलं, माझ्या तासाचं मला नको. शिपाईमामांना तेवढं द्या, कारण खोली तेच उघडणार. ते मान्य झालं.

पहिले काही बुधवार मोजक्याच जणी आल्या. मग एकीनं दुसरीला सांगितलं. मग बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि एकदम रिक्षा भरून आल्या. बुधवारी यांचा आवाजच वेगळा. रविवारी त्याच बायका मागच्या बाकावर, पदर सावरत, घड्याळाकडे बघत बसलेल्या असतात. बुधवारी त्या वाद घालतात. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचा मी सांगितलेला अर्थ एकीनं मला खोडून दाखवला, कारण तिच्या आजोळी पारायण चालायचं आणि तिथे वेगळं सांगत. तिचं बरोबर निघालं. “मग परीक्षेत कुठला लिहू?” म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही लिही, आणि कुठला का पटतो ते लिही.

आणखी एक गोष्ट झाली, जी मी धरली नव्हती. दिवाळीनंतर एका बुधवारी दाराशी तीन पुरुष उभे. दोघे शिरवळच्या कंपनीत रात्रपाळीला जाणारे, सकाळी सातला सुटून थोडं झोपून आलेले. एक बँकेच्या एटीएमवर रात्रभर पहारा करणारे काका, मुलीच्या बरोबरीनं बी.ए. करत असलेले. रविवारी त्यांना बदली सुट्टी मिळत नव्हती. बायकांनी पुढचं बाक रिकामं करून दिलं. आता त्या तासाला त्या बायका, हे तिघे आणि अधूनमधून त्यांच्यातल्या एकाचं शाळा बुडवून आलेलं पोरगं असं सगळं असतं.

यंदाच्या प्रवेशाच्या वेळी मी ‘व्यवसाय’चा रकाना स्वतः विचारून भरून घेतला. गृहिणी, शेतमजूर, शिवणकाम, पापड लाटणे, दूध संकलन, सासूबाईंची शुश्रूषा. जे करता ते लिहा म्हटलं. वेळापत्रक लावताना हे कागद समोर ठेवले, तेव्हा इंग्रजीच्या सरांनीही त्यांचा एक तास बुधवारी हलवायची तयारी दाखवली. अर्थशास्त्राचे सर अजून तयार नाहीत. त्यांची गाडी चारला असते. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.